आईला सांग

अंगठ्याला शाई लावून झाली होती. बाईडॉक्टरनी माझं मनगट धरून तो कागदाच्या तळाशी नेला, आणि तेवढ्यात खाटेवरून मायाक्का म्हणाली, "थांब, आये."

मायाक्का कशी बोलायची ते आधी सांगते. तिच्या गळ्याला पुढून भोक होतं आणि त्यात स्टीलची वाकडी नळी बसवलेली होती, तिच्या आत धुवायला काढता येणारी दुसरी बारीक नळी. श्वास नळीतूनच आत जायचा, नळीतूनच बाहेर यायचा. बोलायचं झालं की ती श्वास भरून घ्यायची, नळीच्या तोंडावर बोट दाबायची आणि अडवलेली हवा घशातून सोडत चार-पाच शब्द बोलायची. मग बोट उचलून पुन्हा श्वास. नऊ वर्षांची होती. जन्मली तेव्हापासून श्वास घेताना शिट्टी वाजायची, चौथ्या महिन्यात नळी बसली, तेव्हापासून हे असंच. पण आवाज खणखणीत. माळावर मेंढरं पांगली की ती बोट दाबून एक हाळी द्यायची आणि पुढची मेंढी असेल तिथे मान वर करायची. माझ्या हाळीला मेंढरं तशी थांबत नव्हती.

"काय झालं गं?" बाईडॉक्टर म्हणाल्या. तरुण होत्या. सकाळपासून त्यांच्या हातात कागदच कागद होते.

"कागद दावा. मी वाचती."

आमचे धुळाआबा खाटेच्या पलीकडे, खिडकीखाली बाकावर बसले होते. मुंडासं काढून मांडीवर ठेवलेलं. ते म्हणाले, "म्या वाचलाय त्यो. मायाक्का, आईला सांग, अंगठा दे म्हनावं."

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते.

धुळाआबा माझे थोरले दीर. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही, आणि तेही तिच्याशी बोलत नाहीत. समोर आले की पदर खाली ओढायचा, पाठ करायची. काही सांगायचंच असेल तर मधे एखादं पोर लागतं. मी चौदाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मधे पुतण्या होता; तो मोठा झाला, तोवर मायाक्का बोलायला लागली, मग ती. "मायाक्का, आबास्नी इचार, भाकरी वाढू का?" आबांना ते ऐकू गेलेलं असायचं. तरी ते थांबायचे. मायाक्का बोट दाबून म्हणायची, "आबा, भाकरी वाढू का म्हनती." मग ते म्हणायचे, "आईला सांग, वाढ." मलाही ऐकू गेलेलं असायचं. तरी ती येऊन सांगेपर्यंत मी हात हलवायची नाही.

त्या सरकारी दवाखान्यात आम्हाला अठरा दिवस झाले होते. माझा नवरा सिदा मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरलेला. त्याला निरोप पोचायचा म्हणजे त्या वाटेनं जाणारा माणूस सापडावा लागे. म्हणून दवाखान्यात आम्ही तिघंच. मोठ्या डॉक्टरांनी तीन वेळा आत बोलावलं. तिन्ही वेळा आबा आत जाऊन खुर्चीवर बसले. ते बसलेले असताना मी त्या खोलीत कशी जाणार? मी दाराबाहेर फरशीवर उकिडवी बसायची. आतलं बोलणं यायचं, शब्द कळायचे नाहीत. बाहेर आले की आबा खाटेपाशी उभे राहून म्हणायचे, "आईला सांग, नळी निघनार. पोरगी बरी हुनार." तिन्ही वेळा एवढंच.

आणि मी त्यावर खूष होते. आज लिहिताना त्याचाही राग येतो.

बाईडॉक्टरनी घड्याळ बघितलं, पण कागद दिला. मायाक्का पावसाळ्याचे चार महिने गावच्या शाळेत बसायची. बाकीचं वर्ष एसटीच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचायची. आमच्या तळावर आबांखेरीज वाचणारी ती एकटी. तिनं कागद गुडघ्यावर घेतला, एक बोट ओळीवर ठेवलं, दुसरं नळीवर.

"'या शस्त्रक्रियेत... स्वरयंत्राची एक पट्टी... बाजूला ओढून... कायमची बांधली जाईल.'" श्वास. "'त्यामुळे श्वासाची वाट... मोठी होईल. नळी काढता येण्याची... शक्यता आहे.'"

"बास झालं," आबा म्हणाले. "ह्येच सांगितलं न्हवं म्या."

पुढचं हातानं लिहिलेलं होतं. ते तिला जड गेलं. अक्षर लावत लावत ती वाचत होती.

"'आवाज कायमचा... बारीक व घोगरा होईल. मोठ्याने बोलता... हाक मारता... येणार नाही.'" तिनं बोट उचललं. श्वास आत गेला. मग पुन्हा दाबलं. "'हे मुलीच्या चुलत्यांना... समजावून सांगितले. हरकत नाही... असे ते म्हणाले. मुलीस आवाजाची... गरज नाही.'"

ती थांबली. मग शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, पहिल्यांदा चुकली असेल म्हणून. चुकली नव्हती.

मी मनगट सोडवून घेतलं आणि अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली.

"बाई, हे तुमी लिवलंय?"

"हो. सरांनी सांगितलं तसं लिहिलं." त्या गोंधळल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं? सरांनी तीनदा समजावलंय. तुम्ही आत का आला नाहीत?"

"मला कुनी बलावलं?"

"घरातलं मोठं माणूस आत होतं, आम्हाला वाटलं तेच तुम्हाला सांगतील. आणि आईनं बाहेर बसायचं ही तुमच्यातली रीत. ती आम्हाला कशी कळणार?"

"रीत आमची," मी म्हणाले. "दार तुमचं हुतं."

त्यांच्यावर माझा राग होताच, पण तो तोंडी लावण्यापुरता. खरा राग खिडकीखाली बाकावर बसला होता. मी वळले. पदर खाली ओढायला हात आपोआप वर गेला, तो मी तसाच खाली घेतला.

"आबा."

सतरा वर्षांत त्यांना मारलेली ती माझी पहिली हाक. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मायाक्काकडे बघून ते म्हणाले, "आईला सांग, चारचौघांत असं..."

"तिला नगा सांगू. मी हितं उभी हाय. मला सांगा. तुमी म्हनालात ह्ये? पोरीला आवाज नगं म्हनून?"

शेजारच्या खाटेजवळ नातवाला घेऊन एक म्हातारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अगं बाये, थोरला दीर ना तुझा? पदर तरी घे."

"पदर घिऊन बी ह्येच बोलनार हाय, आजी. मग घिऊन काय करू?"

म्हातारीनं तोंडाला लुगडं लावलं. आबांनी मुंडासं उचललं, पुन्हा मांडीवर ठेवलं. आमच्या तळावर त्यांच्यापुढे पुरुषसुद्धा आवाज चढवत नसत.

"बोला की."

"माघात," ते म्हणाले. मान खाली, पण बोलत होते माझ्याशीच. "तू लोकर घिऊन बाजारला गेलीस त्या दिसाची गोष्ट. दुपारच्याला पोरगी माझ्याम्होरं पडली. नळी भरली हुती. त्वांड निळं. आतली नळी वढून काढली तरी हवा जाईना. लोकरीचा गोळा हुता आत, कफात बसलेला. मी भोकाला त्वांड लावलं आन् वढलं. दोनदा काय बी न्हाय. तिसऱ्यांदा आला." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "तवापास्नं डोळं मिटलं की त्येच दिसतंया. धुरळा तर रोजचाच. लोकर रोजचीच. पुन्यांदा भरली आन् मी नसलो तर? आवाजाचं काय घिऊन बसलीस? मेलेल्या पोरीचा आवाज कुनी ऐकलाय?"

बाईडॉक्टरनी मायाक्काच्या डोक्यावर हात ठेवला होता.

हे ऐकून माझा राग विरघळला असेल, असं ज्याला त्याला वाटतं. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते सगळे इथे आले की डोळे पुसतात. मी मायाक्काकडे बघितलं. ती चादरीचं टोक पिळत होती.

"खरं हाय?"

तिनं मान हलवली.

"मला का न्हाय सांगितलंस?"

बोट नळीवर गेलं. "आबा म्हनलं... आईला सांगू नगो."

मी त्या दिवशी बाजारातून तिला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. सांजेला भाकऱ्या थापल्या, आबांना वाढल्या, तिनं त्यांना विचारलं, "आबा, आजून एक घालू का म्हनती." आणि ती तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली पोर दुपारी मरून परत आलेली होती. मला सोडून ते दोघांना माहीत होतं.

"तुमी तिला वाचवलं," मी म्हणाले. "त्यासाठी तुमचं पाय धरीन, आत्ता, हितंच. पर मला सांगितलं का न्हाय? तवा न्हाय, आता बी न्हाय. इचारलं का न्हाय?"

"इचारून काय झालं असतं? रडली असतीस."

"व्हय. रडले असते. मग सांगितलं असतं."

आवाज ऐकून मोठे डॉक्टर आले. केस पांढरे, चष्मा कपाळावर. आल्या आल्या म्हणाले, "काय चाललंय? उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन हिचं आहे. नको असेल तर आत्ता सांगा. यादीत चाळीस मुलं आहेत."

"नगं का पायजे ते मला ठावं न्हाय," मी म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाय. आता सांगा. त्यांना न्हाय, मला."

त्यांनी बाईडॉक्टरकडे बघितलं, मग आबांकडे. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाटेच्या कडेला टेकले.

"हिच्या घशात दाराच्या असतात तशा दोन फळ्या आहेत. सगळ्यांच्याच असतात. श्वास घेताना उघडतात, बोलताना जवळ येतात. हिच्या दोन्ही लुळ्या आहेत. जवळ येऊन बसल्यात, हलत नाहीत. मधे जवाएवढी फट. त्या फटीतून बोलणं चांगलं निघतं, पण श्वासाला ती पुरत नाही. म्हणून नळी."

आमच्या पालाला कधी दार नव्हतं. तरी कळलं. अठरा दिवसांत मला कळणार नाही असं त्यांना कशावरून वाटलं होतं?

"मी एक फळी ओढून बाजूला बांधणार. मग श्वासाला वाट होईल. पण दोन फळ्या जवळ आल्याशिवाय आवाज उमटत नाही. अर्धी हवा तशीच निसटणार."

"दोनी कराया येत न्हाय? श्वास बी, आवाज बी?"

"मला येत नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य. "एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं, एवढंच माझ्या हातात आहे. नळी ठेवली तर आवाज राहील. पण ती कधीतरी भरणार. तुम्ही रानात राहणारी माणसं. ठरवा."

"तिला इचारा."

"नऊ वर्षांच्या मुलीला?"

"कागद तिनंच वाचला. तुमच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात मला कागद वाचून दावनारी ती एकली निघाली."

आबा म्हणाले, "पोराच्या जातीला काय कळतंय." कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच झालं असावं.

डॉक्टर मायाक्काकडे वळले. तिनं श्वास भरून घेतला. मग बोट दाबलं.

"चित्र्याला ऐकू जाईल?"

"चित्र्या कोण?"

"कुत्रं आमचं."

"जवळ असला तर जाईल."

"मेंढरांना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. "माळावरून नाही. नाही जाणार."

तिनं बोट काढलं. दोन श्वास घेतले, तीन घेतले. आमच्या तळावरची पोरं उन्हाळ्यात जिथे विहीर मिळेल तिथे उड्या टाकायची. ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. नळीत थेंब गेला तरी जीव जायचा.

"पान्यात उडी... मारता येईल?"

"नळी काढल्यावर भोक नीट बुजू द्यायचं. पुढच्या उन्हाळ्यात मार."

"डोस्कं बुडवून?"

"डोकं बुडवून."

"मग काढा," ती म्हणाली.

खोटं कशाला लिहू? मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिनं नको म्हणावं म्हणून मी एवढी भांडले होते, आणि ते मला तेव्हा कळलं. क्षणभर मला तिचाही राग आला. मग मी अंगठा पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"आदी ती वळ खोडा. आवाजाची गरज न्हाय म्हनून लिवलीय ती."

"नोंद खोडता येत नाही," बाईडॉक्टर म्हणाल्या.

"मग खाली लिवा. आईनं इचारलं. मुलीनं सोता सांगितलं."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. ते उठता उठता म्हणाले, "लिहा." त्यांनी लिहिलं. मी कागद मायाक्कापुढे धरला. तिनं चार श्वासांत ते वाचून दाखवलं. शब्द तेच होते. मग पुन्हा शाई लावून मी अंगठा दिला.

ऑपरेशन झालं. महिन्यानं नळी काढली. भोकावर पट्टी बांधून आम्ही चैत्रात तळावर परत आलो. तिचा आवाज पीठ चाळल्यासारखा झाला होता. ऐकायला कान जवळ न्यावा लागे. पहिल्या दिवशी तिनं माळावर उभं राहून हाळी द्यायला तोंड उघडलं. एकही मेंढी वळली नाही. ती पुन्हा उघडू लागली, तेव्हा मी पालात निघून गेले.

साठीला आल्यावर मी नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले. दवाखान्यातून दिलेल्या कागदांत त्या कागदाची नक्कल होती, ती काढून स्वतः वाचली. वरची ओळ चार शब्दांची आहे. पुरुषाचं बोलणं म्हणून ती कुणाला न विचारता लिहिली गेली. खालची लिहून घ्यायला मला भांडावं लागलं.

लोकांनी मला जन्मभर एकच विचारलं. सिदानंही विचारलं, पहिल्याच आठवड्यात, मेंढीची खुरं साफ करता करता. "आखीर त्येच झालं न्हवं? आबा म्हनत हुतं त्येच. मग थोरल्या भावाम्होरं त्वांड उघडून काय मिळवलंस?" भावकीतल्या बायकांनी विचारलं. माझ्या आईनंही विचारलं. मायाक्का पोहायला शिकली, शाळा शिकली, लग्न होऊन सुखी आहे, मग राग कशाचा? याचं उत्तर त्यांना पटेल असं मला कधी देता आलं नाही. पण तळावर परत आलो त्या दुपारचं सांगता येतं.

बाभळीखाली घोंगडं अंथरून आबा, सिदा आणि आणखी दोघे बसले होते. तळ कुठे हलवायचा याचं बोलणं चाललं होतं. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलले नव्हते, मीही नाही. मी समोर भांडी घासत होते. मायाक्का मधे चित्र्याच्या कानातल्या गोचड्या काढत बसली होती.

आबा म्हणाले, "मायाक्का, आईला सांग, उद्या उजाडायला हलायचं. वढ्याला पानी न्हाय ऱ्हायलं."

मायाक्का उठली नाही. गोचडी काढली, दगडावर ठेचली. मग म्हणाली. इतकं हळू, की चारही पुरुष पुढे वाकले.

"तुमीच सांगा की. ती काय लांब हाय? मला बोलून धाप लागती. तुमी दोगं धडधाकट असून माझा श्वास कशाला खर्चता?"

सिदा उठायला लागला, तिच्या थोबाडीत मारायला असेल. आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बाभळीकडे बघत, कुणालाच नाही अशा सुरात म्हणाले, "वढ्याला पानी न्हाय. हलायला पायजे."

मी हात धुतले. घोंगड्यापाशी गेले.

"हलू की," मी म्हणाले. "कुठं, त्येचं बोलनं चाललंय न्हवं? मी बी बसती."

कुणी घोंगड्यावर सरकलं नाही. मी भुईवर बसले, आणि बोलणं संपेपर्यंत उठले नाही.